तुम्ही घर आधी उलटे केलेत

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात ते बाहुलीघर पुण्याला रवाना झाले. पैसे खात्यात जमा झाले आहेत. पण या व्यवहारात तुमचा वाटा केवढा होता हे समोर बसून सांगू लागले असते, तर तुम्ही नेहमीप्रमाणे विषय चहावर नेला असता. म्हणून हे पत्र, आणि जुनी खेळणी जमवणाऱ्या इतरांच्याही नजरेस पडावे म्हणून उघडपणे लिहिलेले.

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर ते घर मी ९,००० रुपयांना घेतले, तेव्हा ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातले असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते आणि मी ते मानले, कारण मला ते मानायचेच होते. नौपाड्यातल्या तुमच्या घरी ते आणले, तेव्हा मी कौतुकाने दाखवत होते ती दर्शनी बाजू, पांढऱ्या भिंतीवरच्या काळ्या लाकडी पट्ट्या, यांच्याकडे तुम्ही ढुंकूनही पाहिले नाहीत. सतरंजी अंथरलीत, घर उलटे केलेत आणि चष्मा कपाळावर चढवून तळावरून बोट फिरवत बसलात. वागळे इस्टेटमध्ये ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचे उठवण्याचे नमुने, करण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाला लाकूड खोटे सांगत नाही, हे मला त्या दुपारी कळले. तीन पदरी प्लायवूड, उघडझाप होणाऱ्या पत्र्याच्या खिडक्या आणि कोपऱ्यात अर्धवट झिजलेला त्रिकोण. “ही राणी गेली कधी?” एवढेच तुम्ही विचारलेत. राणी १९०१ साली गेली. तो त्रिकोण ट्राय-अँग या खेळण्यांच्या छापाचा, म्हणजे लाईन्स आडनावाच्या तीन भावांनी इंग्लंडमध्ये १९१९ साली काढलेल्या लाईन्स ब्रदर्स कंपनीचा; लाईन म्हणजे रेघ आणि तीन रेघांचा होतो त्रिकोण, असा त्यांचा शब्दखेळ. घराचा तोंडवळा पाहता ते १९३० च्या दशकातले ठरले. (खरोखरच राणीच्या काळातले निघाले असते, तरी मी ज्या परदेशी गिऱ्हाइकाची स्वप्ने पाहत होते त्याला ते पाठवता आले नसते; शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी माणसाने देशाबाहेर पाठवण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे.)

मोजमापाच्या वेळी तुम्ही मला तुमची कारखान्यातली पट्टी वापरू दिली नाहीत, कारण ओतीव लोखंड थंड होताना आकसते म्हणून ती पट्टी मुळातच किंचित मोठी आखलेली असते. साध्या पट्टीने दार मोजून खऱ्या दाराशी ताडून पाहायचे, एका फुटाला एक इंच बसतो का ते बघायचे आणि जुनी घरे हे प्रमाण सर्रास मोडतात हे लक्षात ठेवायचे, ही रीत मी तेव्हापासून सोडलेली नाही.

नोटा तपासायचा जांभळा दिवा मात्र माझा होता, आणि त्याचे श्रेय मी घेणार आहे. दिवाणखान्यातला भिंतीचा कागद त्याखाली निळसर पांढरा झळकला, म्हणजे त्यात चमक आणणारे रसायन होते आणि तसा कागद साधारणतः १९५० नंतरचा. सुटलेल्या कोपऱ्याखाली जुना, न झळकणारा फुलाफुलांचा थर दिसत होता. वरचा कागद ओरबाडून काढण्यासाठी माझे हात शिवशिवत होते. तुम्ही तो काढू दिला नाहीत, कारण तोही कोणा मुलीने हौसेने लावून घेतला असेल. सुटलेला कोपरा चिकटवायला मी फेविकॉल पुढे केला, तर काकूंनी कुरडयांसाठी काढलेल्या गव्हाच्या चिकातला वाटीभर मागून घेऊन तुम्ही त्याची पातळ खळ शिजवलीत. पुढे कोणाला तो कागद सोडवावासा वाटला, तर ओल्या बोळ्याने सुटला पाहिजे, म्हणून. बाहेरच्या रंगाला सँडपेपर लावण्यावरून तर तुम्ही रागावलातच. जुन्या रंगात शिसे असते आणि त्याची धूळ छातीत जाते, हे मला ठाऊक असायला हवे होते.

ते रागावणे मला दोन वर्षे आधी लाभायला हवे होते. माझे पहिले घर, निळ्या छपराचे, विटांचा छापील कागद लाकडावर डकवलेले, मी ओल्या फडक्याने पुसले आणि तळ घासून लख्ख केला. जर्मनीत सॅक्सनीतल्या मारीएनबर्गचा बाहुलीघरे बनवणारा मोरिट्झ गॉटशाल्क, त्याच्या अशा घरांच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक असतो, हे मी नंतर वाचले. तसा आकडा तिथे होता की नव्हता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

दर्शनी भागाच्या एका बिजागरीचे फुलीच्या खाचेचे स्क्रू नंतरचे आहेत, हेही विकताना लिहायचे, असा तुमचा आग्रह होता. मी मनात ४०,००० धरले होते. वरचा कागद नंतरचा, बिजागरी बदललेली, एक खिडकी गहाळ, असे सगळे लिहून मी २२,००० मागितले आणि तेवढेच मिळाले. थोडी हळहळ वाटली, खोटे कशाला सांगू? पुण्याच्या त्या बाईंनी मात्र दर्शनी बाजूचा नव्हे, सर्वांत आधी तळाचा फोटो मागितला.

तुम्ही मजुरी घेतली नाहीत आणि मागूनही घेणार नाही, म्हणून पुढच्या रविवारी निळ्या छपराचे घर घेऊन येते. सतरंजी मी आणीन.

तुमची कृतज्ञ,
समोरच्या इमारतीतली