ट्रेलरमधले दार चित्रपटात कुठे गेले?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
चित्रपट वितरण कंपनी, मुंबई कार्यालय

विषय : व्हिडिओ गेमवरून काढलेल्या आपल्या चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये दाखवलेला भाग प्रत्यक्ष चित्रपटात नसल्याबाबत.

महोदय,

गेल्या शनिवारी संध्याकाळच्या खेळाला मी, माझा धाकटा भाऊ आणि आमची मुले असे पाच जण आपला चित्रपट पाहायला गेलो होतो. तिकिटांची प्रत सोबत जोडली आहे. चित्रपटाचे नाव, वेळ, आसन क्रमांक सगळे तिच्यावर आहे. तिकिटे आणि मध्यंतरातले खाणे मिळून २,३४० रुपये झाले. थिएटरबद्दल माझी काही तक्रार नाही, पडदा आणि आवाज उत्तम होता. तक्रार चित्रपटाची आहे, आणि तो आपण आणलात म्हणून आपल्याकडे करते आहे.

भाऊ त्यासाठी मुद्दाम बंगळूरहून आला होता. का आला, ते सांगितल्याशिवाय माझे म्हणणे कळणार नाही.

१९९९ साली मी अकरावीत होते आणि तो सातवीत. मंडईजवळच्या एका बोळात व्हिडिओ गेम पार्लर होते, तासाला २० रुपये. आम्हाला आठवड्यातून एकच तास परवडायचा. आपला चित्रपट ज्यावरून काढला आहे तो गेम आम्ही तिथे जवळजवळ वर्षभर खेळलो. पार्लरच्या मेमरी कार्डावर आमचा डाव सेव्ह केलेला असायचा, पण पुढच्या शनिवारपर्यंत तो पुसून कुणीतरी तिथे स्वतःचा ठेवलेला असे. मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गेम ज्या घरात चालतो त्या घराचा नकाशा मी आलेखाच्या कागदावर काढला. किल्ली कुठल्या खोलीत, गोळ्या कुठे, कुठल्या वळणावर थांबायचे, सगळे त्यात टिपून ठेवले. भाऊ खेळायचा आणि मी शेजारी बसून नकाशा वाचायचे. "ताई, आता डावीकडे का उजवीकडे?" हे त्याने मला किती वेळा विचारले असेल!

त्या गेममध्ये राक्षस मोजके होते आणि गोळ्या त्याहून मोजक्या. समोर येईल त्याला मारत सुटलात, की पुढच्या दारापाशी हात रिकामे. मारायचे का पळायचे, हे दर वेळी ठरवावे लागे. कॅमेरा खोलीच्या एका कोपऱ्यात स्थिर असायचा. वळणापलीकडचे काही दिसत नसे, फक्त पावले ऐकू येत. आणि ती दारे! दाराला हात लावला की सगळा पडदा काळा व्हायचा, मधोमध तेवढे दार, सावकाश करकरत उघडणारे. सीडीवरून पुढची खोली लोड व्हायला वेळ लागायचा, तो झाकण्यासाठी केलेली ती युक्ती होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. आम्ही मात्र तेवढे सेकंद श्वास रोखून बसायचो. कधीतरी त्या दारामागे डाव सेव्ह करायची खोली निघायची, संथ संगीत सुरू व्हायचे, आणि भाऊ रिमोट मांडीवर ठेवून तळहात पँटला पुसायचा.

आपल्या ट्रेलरमध्ये हे सगळे होते. तेच दार, तसेच करकरणारे. तेच संगीत. अंधाऱ्या बोळकांडीत एकटी नायिका आणि पिस्तुलात उरलेली एक गोळी. भावाने तो मला रात्री ११ वाजता पाठवला आणि मी उघडायच्या आत फोनही केला.

चित्रपटात यातले काहीही नाही. पहिल्या दहा मिनिटांतच नायकाच्या हातात मशीनगन येते आणि शेवटपर्यंत तिच्या गोळ्या संपत नाहीत. घर मध्यंतराच्या आतच स्फोटात उडून जाते, उरलेली गोष्ट एका प्रयोगशाळेत चालते. नायिकेचे तर मला फार वाईट वाटले. त्या पार्लरमध्ये मुलगी अशी मी एकटीच असायचे. गेममध्ये जी बाई स्वतःच्या अकलेने त्या घरातून बाहेर पडते, तिला आपल्या चित्रपटात दोनदा पळवून नेतात आणि दोन्ही वेळा नायक येऊन सोडवतो. माझ्या मुलीने मध्येच विचारले, "आई, तू सांगायचीस ती हीच का?" मला हो म्हणवेना.

गेम जसाच्या तसा पडद्यावर यावा असा माझा हट्ट नाही. पु. ल. देशपांड्यांनी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' केली तेव्हा नाटकातले लंडन गेले, पण बोलण्यावरून माणसाची पायरी ठरवणारा समाज आणि त्याबद्दलची त्या मुलीची चीड तिथेच राहिली. गेमचेच उदाहरण हवे असेल तर 'द लास्ट ऑफ अस' पाहा. गेम २०१३चा, मालिका २०२३ची. मालिकेच्या तिसऱ्या भागातली बिल आणि फ्रँक यांची गोष्ट गेमपेक्षा पार वेगळी आहे. गेममध्ये फ्रँक बिलला विटून निघून गेलेला असतो, मालिकेत दोघे शेवटपर्यंत एकमेकांना धरून राहतात. तरी ती परकी वाटत नाही, कारण मोडून पडलेल्या जगात जपायला कुणी असणे म्हणजे काय, हाच त्या गेमचा जीव आहे. मालिका उभी करणाऱ्या दोघांपैकी नील ड्रकमन हे मूळ गेमचेच लेखक. आपल्या चित्रपटाने नाव, कपडे आणि राक्षसांचे चेहरे उचलले. टंचाई तेवढी काढून टाकली, आणि आमच्यासाठी गेम म्हणजे ती टंचाईच होती.

कायदा मला ठाऊक आहे. ट्रेलरमधले गाणे चित्रपटात नव्हते म्हणून औरंगाबादच्या एका शिक्षिकेने ग्राहक मंचात दाद मागितली होती. तिला भरपाई मंजूरही झाली, पण ट्रेलर म्हणजे करार नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. त्यामुळे मी खटल्याची भाषा करत नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली ती पुण्यातच. माझे वडील तिच्या सभांना जात. तक्रार लेखी करावी आणि लेखी उत्तर मागावे, ही त्यांची शिकवण.

मला पैसे परत नकोत. दाराचे आणि त्या खोलीचे चित्रीकरण झाले होते हे ट्रेलरवरून दिसतेच, मग ते चित्रपटातून का गेले, एवढे निर्मात्यांना विचारून कळवावे. शेवटी दुसऱ्या भागाची घोषणा आहे. तो पुरा होण्याआधी गेम खेळलेल्या चार लोकांना दाखवा, ही विनंतीही त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. २०१९ मध्ये 'सॉनिक' या गेमवरच्या चित्रपटाचा पहिला ट्रेलर आला तेव्हा त्या पात्राचे रूप पाहून लोक चिडले होते. दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी काही दिवसांतच ते बदलण्याचे कबूल केले आणि नोव्हेंबरमध्ये यायचा चित्रपट नव्या रूपानिशी फेब्रुवारी २०२० मध्ये आला. तेव्हा, मनात आणले तर हे होऊ शकते.

तिकिटांबरोबर त्या नकाशाची झेरॉक्सही जोडते आहे. मूळ कागद भावाकडे असतो, घड्यांवर फाटला आहे, त्यामुळे तो पाठवता येणार नाही. खालच्या मजल्यावर जिन्यामागे पेनने गोल केलेली खोली सेव्ह करायची. ट्रेलरमधले संगीत तिथले आहे.

आपली,
एक प्रेक्षक,
सदाशिव पेठ, पुणे