सईच्या निमित्ताने श्रीधरास

मुंबई,
फेब्रुवारी अखेर

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, आणि आता लिहायला बसलो आहे तो तुझ्याकडून एक काम करून घेण्यासाठी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्रात मतलब कुठे दडला आहे ते तुला शोधत बसावे लागणार नाही. प्रकृती ठीक. गुडघा होता तसाच आहे, साखर डॉक्टरांच्या समाधानापुरती खाली आली आहे. सुनीता म्हणते, श्रीधरभावजींना जरूर लिहा, पण पुन्हा भांडण उकरून काढू नका. विषय मात्र नेमका भांडणाचाच आहे.

दादाच्या सईने येत्या नोव्हेंबरात केपटाउनहून तुमच्या ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलपर्यंत एका शिडाच्या यॉटवर खलाशी म्हणून जायचे ठरवले आहे. शर्यत नाही, पगार नाही; पाच हौशी माणसे, आणि मालक तुमच्याच बंदरातला. दादाने मला घरी बोलावले, चहा दिला आणि सांगितले, "तूच तिला या नादाला लावलेस, आता तूच सोडव." वहिनी काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागले. दादाला दक्षिणेकडच्या वादळांची आणि थंडीची भीती वाटते. ती मलाही वाटते, पण तिचा हिशेब मांडता येतो. मला झोप येत नाही ती वेगळ्याच कारणाने. वाटेत कोणी दुसरे संकटात सापडले आणि त्याची हाक यांच्या रेडिओवर आली, तर ही मुलगी काय करील हे मी गेल्या महिन्यात डोळ्यांनी पाहिले आहे. दादाला हे सांगून उपयोग नाही. तो मलाच विचारील की मदतीला जाणे वाईट आहे का. तू रविवारी रविवारी तिथल्या स्वयंसेवी बचाव पथकाच्या रेडिओवर बसतोस, म्हणून तुला लिहितो.

झाले ते असे. आम्ही खांदेरीला वळसा घालून परत येत होतो, दुपारचा वायव्येचा वारा चांगला भरला होता, आणि उंदेरीच्या बाहेरच्या अंगाला एक भाड्याची फायबरची बोट इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत चाललेली दिसली. माणसे बोटीच्या मानाने बरीच, लाइफ जॅकेटे थोडी, आणि जी होती त्यांतली काही बसायला घेतलेली. एक लहान मूल एकसारखे रडत होते. सईचे म्हणणे की सरळ बाजूला लागू आणि निदान बायका-मुलांना आपल्या बोटीवर घेऊ. मी बाजूला लागलो नाही. त्या लाटांत दोन बोटी एकमेकींना भिडल्या तर मधे आलेल्या माणसाचे काय होते ते तुला सांगायला नको. आणि घाबरलेली माणसे एकदम एका अंगाला धावली असती, तर ती फायबर तिथेच कलंडली असती. त्यांचा नांगर पाण्यात होता, पण दोर इतका तोकडा की तो नुसता लोंबत होता. म्हणून मी वाऱ्याच्या अंगाला अंतर राखून राहिलो, आपला नांगराचा लांब दोर एका फेंडरला, म्हणजे बोटीच्या कडेला टांगायच्या फुगीर उशीला, बांधून त्यांच्याकडे वाहवत सोडला, त्यांच्या पोऱ्याकडून तो त्यांच्या दोराला जोडून घेतला, आणि नांगर एकदाचा धरला. (फेंडर होमीचाच, तो जांभळा. अखेर कामाला आला, असे त्याला कळवले आहे.) सईला मी रेडिओवर संकटाच्या हाकेच्या सोळाव्या चॅनेलवर बोलायला बसवले होते. ती नीट बोलली, ठिकाण, माणसे, वारा, सगळे क्रमाने. पण माझ्याकडे पाहत होती ती अशी, की मी जणू त्या मुलाला बुडताना पाहत उभा आहे. पुढे थळचा एक ट्रॉलर आला आणि त्याने फायबर ओढून नेली. तांडेलाला डिझेलचे पैसे देऊ केले, तर त्याने ते न घेता आमच्या गाठीला नावे ठेवली. कोळीवाड्यातली माणसे हे काम बाराही महिने करतात आणि त्यावर कोणी कोणाला पत्र लिहीत नाही. आपण हौशी लोक एक दोर सोडतो आणि चार पाने भरतो.

परतीच्या वाटेवर सई मांडव्यापर्यंत गप्प होती. नंतर म्हणाली, "काका, तू चाळीस फुटांवरून दोर फेकत होतास. मी असते तर उडी मारली असती." मी म्हणालो, मग मला दोन माणसे शोधावी लागली असती. आणि हे वाक्य तोंडून गेल्यावर माझ्या लक्षात आले की ते माझे नाही, तुझे आहे.

सप्टेंबर २०१८ आठवतो ना? गोल्डन ग्लोब या एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत आपल्या अभिलाष टॉमीची बोट 'थुरिया', मुंबईत बांधलेल्या 'सुहेली' या जुन्या गाजलेल्या बोटीची गोव्यात बांधलेली बहीण, २१ तारखेला दक्षिण हिंदी महासागरात उलटली, डोलकाठी मोडली, आणि तो पाठीला जबर मार बसून आत पडून राहिला. त्याला उठताही येत नव्हते. त्याच वादळात ग्रेगर मॅकगकिन या आयरिश गड्याच्या बोटीच्याही दोन्ही डोलकाठ्या गेल्या होत्या, आणि तरी तो कामचलाऊ काठी उभारून, इंजिनाच्या जोरावर अभिलाषच्या दिशेने निघाला. तू फोनवर म्हणालास की ज्याची स्वतःची डोलकाठी जागेवर नाही त्याने दुसऱ्याच्या मदतीला निघणे म्हणजे बचावनौकेला एकाऐवजी दोन पत्ते देणे होय. २४ तारखेला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्तनौकेने अभिलाषला उचलले आणि मागाहून मॅकगकिनलाही उचलले, तेव्हा तर तू मला "बघ" एवढाच एक शब्द पाठवलास. मी तुला कोरड्या पायांचा खलाशी म्हणालो, तू मला कीर्तनकार म्हणालास, आणि दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. माझे म्हणणे आजही तेच आहे: 'ओसिरिस' वेळेवर पोहोचली म्हणून मॅकगकिन अनावश्यक ठरला, पण तो निघाला तेव्हा हे कोणालाच ठाऊक नव्हते, तिचे इंजिन वाटेत बिघडले असते, तर सर्वांत जवळचा माणूस तोच होता. एवढे सगळे मी तुला ऐकवले, आणि घरच्या मुलीवर वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून तुझा युक्तिवाद निघाला, हे तुला कळवताना मला किती त्रास होत असेल याची कल्पना कर आणि फार हसू नकोस.

सईचे दैवत दक्षिण आफ्रिकेची खलाशी किर्स्टेन नॉइशेफर आहे. २०२२ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत १८ नोव्हेंबरला फिनलंडच्या टापिओ लेहतिनेनची 'अ‍ॅस्टेरिया' दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला काही मिनिटांत पाण्याने भरून बुडाली, आणि चौसष्ट वर्षांचा तो माणूस तराफ्यात जवळजवळ २४ तास बसून राहिला. किर्स्टेन सुमारे १०५ सागरी मैलांवर होती. (तिच्यामागून सर्वांत जवळ असलेला स्पर्धक अभिलाषच होता, हेही सई प्रत्येक वेळी सांगते.) ती रात्रभर हातात सुकाणू धरून गेली, दोर फेकून तराफा ओढला, टापिओला वर घेतले, रमचा एक घोट दिला, 'दर्या गायत्री' या मालवाहू जहाजावर त्याला चढवले आणि पुन्हा आपल्या वाटेला लागली. पुढच्या एप्रिलमध्ये तिने शर्यत जिंकली, अभिलाष दुसरा आला. हे सगळे सईला तोंडपाठ आहे. पण यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ती घाईत सांगून टाकते: टापिओला किर्स्टेनचे शीड दिसत होते आणि किर्स्टेनला टापिओ दिसत नव्हता. तराफा पाण्यालगत असतो, मधे दोन-तीन मीटरच्या लाटा असतात. रेडिओवर त्याचा आवाज येतो आहे, किनाऱ्यावरून शर्यतीचे लोक दिशा सांगताहेत, तरी तो नजरेला पडत नाही. म्हणजे शंभर मैल धावून जाणे हा त्यातला सोपा भाग ठरला.

मी तिला झ्यां ल काम या फ्रेंच खलाशाची गोष्ट सांगितली. ३० नोव्हेंबर २०२० ला वांदे ग्लोब या तशाच एकट्याच्या शर्यतीत केव्हिन एस्कोफिएची बोट 'पीआरबी' केपटाउनच्या नैर्ऋत्येला लाटेत दुभंगली. ल काम सर्वांत आधी पोहोचला, त्याला तराफ्यात केव्हिन दिसला, दोघे एकमेकांशी बोलले, आणि तो बोट फिरवून परत येईपर्यंत तराफा नाहीसा झाला. साठ फुटांची शर्यतीची बोट, पाच मीटरच्या लाटा, वर एकटा माणूस. मग आणखी तीन स्पर्धक वळवले गेले, अंधार पडला, आणि उत्तररात्री ल कामलाच तो पुन्हा सापडला. त्याने जवळ येऊन फेकली ती एक तरंगती कडी. उडी मारली नाही, हे मी सईला दोनदा सांगितले. ती म्हणाली, "पण तो तिथेच थांबला ना काका?" यावर मला उत्तर सुचले नाही, कारण मी म्हणत होतो तेही हेच होते.

त्याच ल कामला जानेवारी २००९ मध्ये केप हॉर्नपाशी उलट्या बोटीतून व्हँसां रियूने काढले होते, तेही 'पीआरबी' नावाच्याच बोटीवरून, आणि त्या गडबडीत रियूच्या डोलकाठीला जो धक्का लागला त्याने ती पुढे कोसळली व त्याची शर्यत संपली. त्याला पंचांनी तिसरे स्थान विभागून दिले. २०२० मध्ये शोधात वळलेल्या यानिक बेस्ताव्हेनला सव्वादहा तास भरून मिळाले, आणि तो रेषेवर पहिला न येताही विजेता ठरला. शर्यतीच्या नियमांत अशी सोय आहे. सईच्या बोटीवर पंच नसतील. डोलकाठी गेली तर गेली, आणि मग त्या पाच जणांना शोधायला तुमच्या कॅनबेराच्या बचाव केंद्राला कोणाला तरी धाडावे लागेल.

कायदाही मी वाचून काढला, तू हसशील. सागरी कायद्याच्या कराराचे ९८वे कलम सांगते की संकटातल्या माणसाकडे शक्य तितक्या वेगाने जा, पण आपले जहाज, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका होत नसेल तर. आता हा धोका गंभीर आहे की नाही हे ठरवायचे कोणी? कप्तानाने. सईने नाही. उंदेरीपाशी मी तिचा काका होतो, म्हणून तिने मनात शिव्या देऊन का होईना ऐकले. तिथे तो परका माणूस दुरून 'पुढे चला' म्हणाला तर ती हे आयुष्यभर उगाळत बसेल, आणि तो नको तिथे 'घुसा' म्हणाला तर सर्वांत आधी हीच दोरावर असेल. मला या दोन्हींची भीती वाटते, आणि दुसरीची जास्त. तिने जाऊच नये असे मात्र म्हणवत नाही. दादापुढे मान डोलावली खरी, पण जी मुलगी हाक ऐकून वळणार नाही तिच्याबरोबर मी स्वतः मांडव्यापर्यंतही जाणार नाही.

तेव्हा काम असे आहे. मालकाचे नाव आणि बोटीचे नाव सई तुला वेगळे कळवील. त्याला गाठ, कॉफी पाज. बोटीचा रंग आणि गाद्या पाहू नकोस, त्या तो आपणहून दाखवील. पाण्यातला जड, ओला, बेशुद्ध माणूस वर घ्यायला त्याच्याकडे काय सोय आहे ते पाहा, आणि ती त्याने कधी वापरून पाहिली आहे का ते विचार. पाण्यात पडलेली तुझी ती टोपी आपण तीन फेऱ्यांत उचलली होती, तीही भर दुपारी आणि सपाट पाण्यात. रात्रीचा दिवा, फेकायचा दोर, तो हाताशी असतो की लॉकरच्या तळाशी. रेडिओवर दुसऱ्याची हाक आली तर तो काय करील हे सरळ विचारू नकोस, सगळे शहाणे उत्तर देतात. पूर्वी कधी आली होती का, आणि तेव्हा काय केले, हे विचार, आणि तो गोष्ट सांगताना बाकीच्या खलाशांची नावे घेतो की नाही ते ऐक.

तुझे सगळे कसे चालले आहे? अनुजाच्या दवाखान्याला परवानगी मिळाली का? छपराचे काम झाले असेल अशी आशा आहे. रोहनने नोकरी बदलल्याचे होमीकडून कळले, तू कळवले नाहीस. डिसेंबरात येणार होतास त्याचे काय झाले तेही लिही. नाही तर सईला उतरवून घ्यायला धक्क्यावर उभा राहा, तेवढे चालेल.

जे वाटेल ते मला स्पष्ट लिही. माणूस बरा वाटला तर दादाशी मी बोलेन. वाटला नाही तर सईशी तू बोल, कारण माझे ती आता ऐकणार नाही, आणि २०१८ मध्ये तू काय म्हणाला होतास ते मी तिला अजून सांगितलेले नाही. दादाला परस्पर फोन करू नकोस.

तुझा,
माधव