तिकिटामागची बाकी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाताळनंतरच्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांचं पत्र आलं होतं. प्रश्न साधा होता, आणि मला तो प्रामाणिकही वाटला: येशूला पाहिलं की देव पाहिला, असं ख्रिस्ती लोक म्हणतात, दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाकडं बघून देव दिसतो तो कसा? शेवटी ‘परक्यांचा देव’ असा एक टोलाही होता, त्याचं नंतर बघू. याचं उत्तर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दिलं असतं तर ते जास्त बिनचूक झालं असतं. पण तीन आठवडे वाट बघितली, कुणीच काही लिहिलं नाही. मी निवृत्त माणूस, सकाळी पेपर आणि दुपारी झोप, म्हणून हे धाडस.

मी तीस वर्षं सरकारी बसवर कंडक्टर होतो, त्यातली निम्मी बेळगाव–जांबोटी–कणकुंबी या वाटेवर. गाडीवरची पाटी कानडीत, आणि चढणाऱ्या बायाबापड्यांना ना कानडी वाचता यायचं ना मराठी. “ही जांबोटीची काय रे बाबा?” हे दिवसातून पन्नास वेळा ऐकायचं आणि पन्नास वेळा “होय की, चढा” म्हणायचं. माझ्या धर्मशिक्षणाचा बराचसा भाग या गाडीतच झाला, म्हणून आधी सांगितलं.

पत्रलेखकांनी ज्या वाक्यावर बोट ठेवलंय ते बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानात चौदाव्या अध्यायात आहे. फिलिप्प नावाचा शिष्य येशूला म्हणतो, आम्हाला पिता, म्हणजे देव, दाखवा म्हणजे झालं. येशूचं उत्तर असं की, इतके दिवस मी तुमच्याबरोबर आहे; ज्यानं मला पाहिलं त्यानं पित्याला पाहिलं. एवढंच वाचलं तर पत्रलेखकांसारखाच मीही कोड्यात पडलो असतो. पण आम्ही कंडक्टर मंडळी थांब्यांच्या क्रमानं विचार करतो. तेरावा थांबा न घेता चौदाव्याला गाडी नेता येत नाही. आणि तेराव्या अध्यायात काय आहे? जेवण चाललेलं असताना येशू उठतो, अंगावरचं वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, घंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुतो. धुळीच्या वाटांवरून आलेले पाय. त्या देशात हे काम घरातल्या हलक्यात हलक्या चाकराचं. पेत्र नावाचा शिष्य म्हणतो, माझे नको. आणि ज्याच्या मनात त्याच रात्री दगा द्यायचं होतं तो यहूदाही तिथंच बसलेला आहे. तो उठून जातो ते पाय धुऊन झाल्यावर.

म्हणजे ‘देव दाखवा’ म्हणणाऱ्याला आधी ते घंगाळ दाखवून झालं होतं. फिलिप्पाचे पाय अजून पुरते वाळलेही नसतील, आणि हा विचारतोय देव कुठाय.

मला हे कळायला पस्तिशी उजाडावी लागली. घर ख्रिस्ती, बाप्तिस्मा लहानपणीच झालेला, वडील वडगावात मागावर. ते माग चालवता चालवता गीतं म्हणायचे, आणि आम्ही मस्ती केली की एकच वाक्य: “देव वरून बघायलाय.” पुढं कंडक्टर झालो तेव्हा माझ्या त्या देवाला तोंड मिळालं. तो चेकिंगवाला झाला. कुठल्या फाट्यावर उभा असेल नेम नाही. हात केला की गाडी उभी, वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, पुढं करायचं, आणि तो माणसं मोजत असताना आपल्या छातीत धडधड. असल्या देवाला माणूस भितो, पण जवळ बोलावत नाही. आणि त्याची भीती असली तरी चोरी थांबते असंही नाही. फक्त फाटे बघून केली जाते.

माझी चोरी सुट्ट्या पैशांची. जुन्या प्रवाशांना आठवत असेल, सुट्टे नसले की आम्ही तिकिटामागं बाकी लिहून द्यायचो, ‘उतरताना घ्या’ म्हणून. शिकलेला माणूस मागून घ्यायचा. म्हातारी माणसं, पाटीवाल्या बाया गर्दीत उतरण्याच्या घाईत असायच्या. कुणी रुपया, कुणी दीड रुपया. मी हाक मारायचो नाही. ती गेली की पैसे माझे. याला आम्ही चोरी म्हणत नव्हतो, त्याचा चहा व्हायचा.

कणकुंबीच्या अलीकडच्या एका फाट्यावर एक आजी चढायच्या. गळ्यात तुळशीची माळ. उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं, पावसाळ्यात अळंबी, मधे फणस. तिथं थांबा नव्हता, पण ड्रायव्हर आणि मी गाडी उभी करायचो. त्या तिकिटाला नोट द्यायच्या, मी मागं बाकी लिहायचो, आणि बेळगावला पाटी डोक्यावर घेऊन त्या उतरून जायच्या. दोन हंगाम हे चाललं.

१९८७च्या उन्हाळ्यात एका रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी जक्कयाची गोष्ट घेतली. यरीहो शहरातला मुख्य जकातदार, रोमी सरकारसाठी वसुली करणारा, त्यात स्वतःचं उखळ पांढरं केलेला, आणि उंचीनं बुटका. येशू गावातून जाणार म्हणून गर्दी. याला काही दिसेना, म्हणून हा झाडावर चढला. आपल्या मराठी बायबलात ते झाड उंबराचं आहे. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना उंबराखाली देव सापडतो हे नवीन नाही. इथं माणूस उंबरावर होता आणि देव त्याला खालून हाक मारत होता. “जक्कया, लवकर खाली ये. आज मला तुझ्या घरी उतरायचंय.”

पाळकसाहेब म्हणाले, क्रम बघा. आधी घरी येतो म्हणाला. हिशेब नंतर निघाला, आणि तो जक्कयानं आपण होऊन काढला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणं फसवून घेतलेला पैसा स्वतः कबूल करून परत करताना मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा दिला की भागत होतं. चौपट भरपाई होती ती चोरलेलं मेंढरू कापलं किंवा विकून टाकलं तर. मी मागच्या बाकावर बसून विचार करत होतो, माझं मेंढरू तर चहात बुडवून खाऊन झालंय.

ज्या देवाला मी फाट्याफाट्यावर चुकवत होतो, तो या गोष्टीत वेबिल मागत नव्हता, घरी जेवायला येतो म्हणत होता. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. येशू जक्कयाशी कसा वागला ते ऐकलं आणि माझा जुना देव खोटा ठरला, एवढंच मला सांगता येतं. पत्रलेखकांच्या ‘कसा’ला माझं उत्तर इतकंच आहे.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसली आणि म्हणाली, “आजींचं किती?” बाकीचे प्रवासी तर हवेत विरलेले, पण आजी सापडण्यासारख्या होत्या. आठवून आठवून साठ रुपये निघाले. चौपट म्हणजे दोनशे चाळीस. तेव्हा मला ही लहान रक्कम नव्हती, आणि खरं सांगायचं तर मुद्दल आणि पाचवा हिस्सा यावर भागेल का असं मी विचारूनही बघितलं. बायकोनं नुसतं बघितलं.

सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीनं तिकीट काढून गेलो. फाट्यापासून दोन मैल जंगलातली वाट. आजी अंगणात करवंदं निवडायल्या होत्या. मी सगळं सांगितलं आणि पैसे पुढं ठेवले. रडतील, आशीर्वाद देतील, असं काहीतरी माझ्या मनात होतं, लपवत नाही.

त्यांनी पैसे मोजले. मग मला आत चुलीपाशी नेलं. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, उभ्या, ओळीनं. “एक रेघ, एक रुपया,” आजी म्हणाल्या. मोजल्या तर बहात्तर. “तुझा हिशेब चुकलाय.”

मी विचारलं, “आजी, ठाऊक होतं तर मागितले का नाहीत?”

“तुझ्याशी भांडून कसं चालंल? तू गाडी नाही थांबवलीस तर मी पाटी घेऊन कुठं जाऊ?”

आजवर जक्कयाची गोष्ट मी झाडावर बसून ऐकली होती. येशू त्याच्या घरी जातो हे बघून गर्दी कुरकुरते, आणि प्रवचनांत त्या गर्दीला नेहमी कोत्या मनाची ठरवतात. त्या दिवसापासून मला तसं म्हणवत नाही. त्या गर्दीतही कोळशाच्या रेघा ओढणाऱ्या आजी असणार. येशूनं जक्कयाला हाक मारली ती त्यांना विसरून नव्हे; त्या हाकेमुळंच त्यांचे पैसे परत यायची वाट मोकळी झाली. पाळकसाहेबांना मी हे बोललो तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या प्रवचनात ते आलं, माझं नाव न घेता. तेही बरंच.

आजींनी बहात्तर ठेवून घेतले, बाकीचे परत केले. “चौपट मला नको. तुझ्या देवाला दे. आमची माउलीबी बघती.” मग ओल्या शेणाचा बोळा घेतला आणि भिंत सारवून टाकली.

त्यानंतर मी सुधारलेला संत झालो असं नाही. रागीट होतो, तो अजून आहे. पण उतरायच्या आधी हाक मारून बाकी द्यायची सवय लागली ती निवृत्तीपर्यंत टिकली. “अळंबीवाल्या मावशी, तुमचा दीड रुपया!” यावर ड्रायव्हर हसायचा आणि गाडी दोन मिनिटं उशिरा सुटायची. श्रद्धा म्हणजे काय असं कुणी विचारलं तर पुष्कळ मोठे शब्द आहेत. माझ्या वाट्याला आली ती एवढी, आणि रोज नव्यानं करावी लागली, कारण सुट्टे पैसे रोजच नसायचे.

२०१९ साली बायको गेली. दोन महिने दवाखाना. प्रार्थना केल्या, चर्चच्या मंडळीनं केल्या, शेजारच्या काकूंनी त्यांच्या देवाला नवस बोलला. ती वाचली नाही. तेव्हा देव कसा आहे हा प्रश्न परत आला, आणि या खेपेला जक्कय काही उपयोगाचा नव्हता. मला धरून ठेवलं ते योहानाच्याच अकराव्या अध्यायानं. बेथानी गावातला मित्र लाजर मेलाय, कबरेत ठेवून चार दिवस झालेत. थोड्याच वेळात येशू त्याला उठवणार आहे, आणि हे त्याला ठाऊक आहे. तरी लाजराच्या बहिणीला रडताना बघून येशू रडतो. उत्तर हातात असताना कशाला रडायचं? माझ्याकडं याचा खुलासा नाही. पण घरी भेटायला येणाऱ्यांत जे समजावत बसले त्यांच्यापेक्षा जे नुसते शेजारी बसून डोळे पुसत होते त्यांनी मला सावरलं, आणि देव त्यांच्यातला आहे असं ही गोष्ट सांगते. या गोष्टीशिवाय मी देवाबद्दल असं म्हणायला धजलो नसतो. आभाळाकडं बघून ते कळत नाही, मी पुष्कळ बघितलं.

आता तो टोला. परक्यांचा देव. इथून घाट उतरलं की गोवा. तिथं फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूनं ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली, ती १६१६ साली छापली गेली, आणि तीत मराठी भाषेची थोरवी अशी गायली की ती ओवी आपण मराठीदिनी अजून म्हणतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत. त्यांची पदं आमच्या उपासनेत पेटी-तबल्यावर होतात. येशू यहुदी होता, आशियातल्या खेड्यातला सुताराचा मुलगा. तेव्हा परका कुणाला, हे पत्रलेखकांनीच ठरवावं. माझा त्यावर फार राग नाही. आमच्याही काही लोकांनी दुसऱ्यांच्या देवांबद्दल वाटेल ते बोलून हा टोला ओढवून घेतलाय, हेही लिहिलं पाहिजे.

आजी १९९०च्या आसपास गाडीला यायच्या बंद झाल्या. त्याच्या आदल्या हंगामापर्यंत त्या फाट्यावर चढत होत्या, आणि बाकी लिहिलेलं तिकीट माझ्यापुढं धरून म्हणायच्या, “बघ रे, किती लिहिलंयस. मला वाचता येत नाही.”

पत्रलेखकांना भेटायचं असलं तर कुठल्याही दुपारी या, रविवार सोडून. मी कुसमळीच्या अलीकडं राहतो. जांबोटीची गाडी धरा. पाटी अजून कानडीतच आहे, कंडक्टरला विचारा.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
ता. खानापूर, जि. बेळगाव