सुस्थितीतील संगणकांना 'मदरबोर्ड खराब' ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या संगणकांवर लिनक्स बसवल्यानंतर ते सुरू न होणे, चुकीचे निदान आणि त्यावरून दिलेले नव्या मशीनचे कोटेशन.

महोदय,

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा सपोर्ट संपला, म्हणून आमच्या वाचनालयातील संगणकांवर लिनक्स घालून देण्याचे काम आपल्याकडे सोपवले होते. आपल्या माणसांनी एसएसडी आपल्याच कार्यालयात एका नव्या मशीनवर तयार करून, क्लोन करून आणल्या आणि इथे जोडल्या. मशीन चालू होईनात तेव्हा जॉब शीटवर सरसकट 'मदरबोर्ड खराब' असा शेरा मारून नव्या संगणकांचे कोटेशन हाती दिले. हा शेरा आम्हाला मान्य नाही. देवगड-मालवण पट्ट्यातल्या शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायतींत याच वयाची मशीन आहेत आणि अशा एका शेऱ्यावर ती भंगारात जातात, म्हणून कारणे सविस्तर लिहीत आहोत.

पडद्यावर ग्रबची (लिनक्स निवडून सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची) यादी येते, याचा अर्थ बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम) चालला, प्रोसेसर आणि रॅम निदान इतपत तरी जागे आहेत आणि डिस्क वाचता येते. बिघाड त्याच्या पुढे आहे. तो पाहायचा तर यादीवर 'ई' दाबायचे, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे 'आरएचजीबी' आणि 'क्वाएट' हे दोन शब्द खोडायचे आणि कंट्रोल-एक्स दाबायचे. मग काळ्या पडद्याच्या जागी कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश ओळीने दिसू लागतात. आपल्या तंत्रज्ञाने हे केले नाही, काळा पडदा पाहूनच निकाल दिला.

आम्ही ते केले. कोअर 2 ड्युओ ई7500 असलेल्या मशीनवर 'फेटल जीलिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स86-64-व्ही2' (प्रोसेसर या पातळीचा नाही) असे येते आणि लगेच खाली कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल थांबल्याचा संदेश, 'अटेम्प्टेड टु किल इनिट'. यात दोष ना बोर्डाचा ना कर्नलचा. आपण घातलेली प्रणाली रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 9 च्या घराण्यातली आहे आणि त्या आवृत्तीपासून प्रोसेसर व्ही2 पातळीचा, म्हणजे त्यात एसएसई4.2 व पॉपसीएनटी या सूचना असणे सक्तीचे आहे. ई7500 मध्ये एसएसई4.1 पर्यंतच्या आहेत. कर्नल व्यवस्थित चढतो, पहिला प्रोग्रॅम म्हणजे इनिट सुरू करतो, जीलिबसी ही प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी प्रोसेसर तपासून नकार देते, इनिट मरतो आणि इनिटशिवाय कर्नलला पुढे जाता येत नाही. 'प्रॉक' मधल्या 'सीपीयूइन्फो' फाइलमध्ये या दोन सूचनांचे फ्लॅग (नोंदी) आहेत का, एवढे कोणत्याही लाइव्ह पेनड्राइव्हवरून आधी पाहिले असते तर ही चूक झालीच नसती. या मशीनना डेबियन 12 किंवा 13 ची 64-बिट आवृत्ती चालते, कारण तिथे ही अट नाही. 2 जीबी रॅमवर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप पुरतो.

कोअर आय3-540 आणि एच55 बोर्ड असलेल्या मशीनचे कारण वेगळे आहे. त्यांच्यात दोन्ही फ्लॅग आहेत. तिथे 'ड्रॅकट-इनिटक्यू टाइमआउट' हा इशारा बराच वेळ पुन्हा पुन्हा येतो, रूट डिस्कचा (जिच्यावर प्रणाली आहे तिचा) यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, सापडत नाही असा संदेश येतो आणि मशीन इमर्जन्सी शेलमध्ये थांबते. ड्रॅकट हा प्रोग्रॅम इनिटरॅमएफएस (डिस्क सापडेपर्यंत कर्नलला लागणाऱ्या ड्रायव्हरची फाइल) बनवतो तेव्हा सहसा ज्या मशीनवर तो चालतो तिच्यापुरतेच ड्रायव्हर आत घेतो. आपल्या कार्यालयातल्या मशीनवर साटा मोड (डिस्कशी बोलण्याची पद्धत) एएचसीआय. इथे बायोसमध्ये साटा मोड आयडीई, ज्याला एटीए-पिक्स ड्रायव्हर लागतो. तो आत नाही, म्हणून समोर जोडलेली डिस्क कर्नलला दिसत नाही. ग्रबच्या यादीतली 'रेस्क्यू' नोंद सर्व ड्रायव्हरसह बनलेली असते. ती निवडल्यावर हीच मशीन, त्याच बोर्डावर, लॉगिनपर्यंत गेली. तिथून ड्रॅकट 'फोर्स' आणि 'नो-होस्टओन्ली' हे पर्याय देऊन सर्व कर्नलसाठी पुन्हा चालवले की नेहमीची नोंदही चालते. क्लोन करून वाटायच्या डिस्कवर हे आपल्याकडेच करायला हवे होते.

साटा मोड आयडीईवर गेला कसा, हेही महत्त्वाचे आहे. कोकणात मृगाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवतात. प्लग लावलेला असताना बायोसची मेमरी पॉवर सप्लायच्या स्टँडबाय 5 व्होल्टवर जगते. काढला की सगळा भार बोर्डावरच्या सीआर2032 सेलवर. सेल उतरला की सेटिंग डिफॉल्टला जाते आणि या बोर्डांवर डिफॉल्ट आयडीई आहे. काढलेले सेल मल्टिमीटरवर अडीच व्होल्टही दाखवत नाहीत, नवा 3 च्या थोडा वर असतो. सेल बदलून, एएचसीआय निवडून सेव्ह केले नाही तर पुढच्या पावसात हाच प्रकार पुन्हा होईल. शिवाय घड्याळ मागे गेल्याने अपडेट घेताना प्रमाणपत्राच्या चुका येतात, त्या वेगळ्याच.

ग्रबपर्यंतही न पोचणारे मशीन एकच. त्याच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट-काळा थर होता. खाऱ्या हवेत हे नेहमीचेच. पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून, स्लॉट ब्रशने झाडून रॅम परत बसवली. मेमटेस्ट86+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची पूर्ण फेरी एकाही चुकीशिवाय पार पडली.

आमच्या मागण्या अशा. सर्व जॉब शीटवरचा 'मदरबोर्ड खराब' हा शेरा लेखी मागे घ्यावा आणि तपासणीपोटी घेतलेली रक्कम परत करावी. कोअर 2 ड्युओ मशीनवर चालणारी प्रणाली विनामूल्य बसवून द्यावी, आय3 मशीनचे इनिटरॅमएफएस आणि सेल आपल्या खर्चाने बदलावेत. आय3 मशीनवर रेड हॅट घराण्याची आवृत्ती 10 कोणी चढवू नये, अशी नोंदही आपल्या दप्तरी करावी. तिला व्ही3 पातळी, म्हणजे एव्हीएक्स2 लागते, जे आय3-540 मध्ये नाही. यापुढे बोर्ड निकामी ठरवण्यापूर्वी पडद्यावरच्या शेवटच्या संदेशाचा फोटो जॉब शीटला जोडावा.

15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. पडद्यांचे फोटो, जॉब शीट आणि कोटेशनच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

कळावे,

आपला विश्वासू,
संगणक कक्ष प्रमुख,
सार्वजनिक वाचनालय, जि. सिंधुदुर्ग