आधी तपासा, मग चढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रक्तदानाची आवाहनं पेपरात नेहमी छापून येतात आणि ती यायलाच हवीत, पण दिलेलं रक्त पुढे कसं वापरलं जातं, हार्टच्या ऑपरेशनमध्ये ते चढवण्याआधी तपासणी का हवी, यावर फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी बरीच वर्षं रक्तपेढीत काम करतो. हार्टचं ऑपरेशन संपत आलं की थिएटरमधून फोन येतो, ब्लीडिंग थांबत नाहीये, चार प्लाझ्मा चार प्लेटलेट लगेच द्या. प्लेटलेट म्हणजे गुठळी धरायला लागणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी आणि प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ द्रव भाग. आम्ही प्लाझ्माच्या गोठवलेल्या पिशव्या ३७ डिग्रीच्या पाण्यात सोडतो, त्या वितळायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि कधीकधी तेवढ्यात निरोप येतो की थांबलं, आता नको. वितळलेला प्लाझ्मा परत गोठवता येत नाही. ती पिशवी टाकून देताना जीव तुटतो हो.

डॉक्टरांचा दोष नाही. ऑपरेशन चालू असताना हृदयाचं काम करणाऱ्या बायपास मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध देतात, शेवटी प्रोटामिन हे दुसरं औषध देऊन त्याचा असर उतरवतात, त्यात रक्त पातळ झालेलं, प्लेटलेट झिजलेल्या, फायब्रिनोजेन हे गुठळी बांधणारं प्रथिन घटलेलं, म्हणजे रक्त न थांबण्याची कारणं अनेक आणि प्रत्येकावर उपाय वेगळा. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा लॅबचा पीटी-एपीटीटी रिपोर्ट यायला पाऊण-एक तास लागतो, छाती उघडी असताना एवढं कोण थांबणार? मग अंदाजपंचे सगळंच थोडं थोडं चढवतात. जास्तीच्या प्लाझ्माने फुप्फुसात पाणी होऊ शकतं हे विसरून चालत नाही.

यावर उपाय म्हणून गुठळी कशी धरतेय ते दाखवणारी टेग, रोटेम अशी मशीन आहेत. मूळ पद्धत १९४८ची, जर्मनीतल्या हार्टर्ट यांची. छोट्या कपात थोडंसं रक्त, त्यात एक पिन, गुठळी धरायला लागली की स्क्रीनवरची सरळ रेघ दोन बाजूंना फाकत जाते. उशिरा फाकली की हेपॅरिन उरलंय का ते वेगळ्या कपात बघायचं, उरलं असेल तर प्रोटामिन पुरतं, प्लाझ्मा लागतच नाही. फाकली पण बारीकच राहिली तर फायब्रिनोजेन की प्लेटलेट ते कळतं. आणि रेघेचा आकार चांगला असूनही रक्त येतंय तर बहुतेक कुठेतरी टाका घालायचा राहिलाय. पहिला अंदाज दहा-पंधरा मिनिटांत मिळतो.

कॅनडात ओंटारिओच्या १२ हॉस्पिटलांत हार्ट सर्जरीच्या ७४०२ पेशंटांवर अशी तपासणी करून रक्त देण्याचा अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला. लाल पेशी आणि प्लेटलेट कमी लागल्या, मोठं ब्लीडिंगही कमी झालं. बाकीची मोठी गुंतागुंत काही कमी झाली नाही, तेही सांगायला हवं. शिवाय प्लेटलेट एकमेकींना चिकटू न देणाऱ्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गोळ्यांचा असर या साध्या टेस्टमध्ये नीट दिसत नाही, त्याची तपासणी वेगळी. आणि नुसतं मशीन आणून कोपऱ्यात ठेवलं तर काय उपयोग, कुठल्या आकड्याला काय द्यायचं हे आधी ठरवून थिएटरच्या भिंतीवर लावलेलं पाहिजे.

दान केलेल्या प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्या उगाच वाया जाऊ नयेत. हार्ट सर्जरी होते तिथे तिथे ही तपासणी थिएटरजवळच व्हावी, आणि आपल्या आरोग्य पुरवणीत यावर एकदा सविस्तर लेख यावा, एवढी विनंती.

आपला,
रक्तपेढीतला एक तंत्रज्ञ