चिऊच्या हॉकीबद्दल

ब्रॅम्प्टन, ओंटारिओ
कोजागिरीचा आदला दिवस

प्रिय दादा, वहिनी,
सा. न.

वहिनी, तू फोनवर विचारलंस की चिऊ बालेवाडीला इनलाइन, म्हणजे चाकांच्या स्केटवरची हॉकी खेळते तोवर ठीक, पण आता तिला बर्फावरची खेळायची आहे आणि पुढे कोच व्हायचं म्हणते, तर यात पुढे आहे तरी काय? फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा सगळं लिहूनच काढते. पत्र चिऊलाही वाचू दे.

कोचिंग म्हणजे खेळ सुटल्यावर, गुडघे गेल्यावर करायचं काम, असं आपल्याकडे धरून चालतात. इथल्या मुलींच्या हॉकीत ते शाळेतच सुरू होतं. ओंटारिओत बारावीचं प्रमाणपत्र हवं तर ४० तास समाजसेवा करावी लागते. हॉकी खेळणाऱ्या पुष्कळ मुली हे तास लहानांच्या सरावात भरतात. शंकू मांडायचे, पडलेल्या पोरींना उठायला शिकवायचं, रांगा हलत्या ठेवायच्या. पंधरा-सोळाव्या वर्षी स्वतः खेळत असतानाच हे करणारी मुलगी पंचविशीत कोच म्हणून बेंचमागे उभी राहते तेव्हा नवखी नसते. म्हणून ‘आधी खेळाडू, मग कोच’ असा क्रम चिऊने धरू नये, दोन्ही बरोबरच चालू देत.

इथे वयाचे गट यू-७ (सात वर्षांखालच्या), यू-९, यू-११ असे यू-१८ पर्यंत जातात. सगळ्यात लहानांना अख्खं मैदान देतच नाहीत. अर्ध्या बर्फावर किंवा मैदानाच्या रुंदीत आडवं, १७० ग्रॅमच्या काळ्या पकऐवजी (पक म्हणजे चेंडूच्या जागी असलेली रबरी चकती) हलक्या निळ्या पकने खेळवतात. कारण साधं आहे. २०० फूट लांबीच्या मैदानावर सहा वर्षांच्या पोरीला पक मिळतच नाही, ती नुसती मागे धावत राहते. पुढे मुली मुलांबरोबर खेळू शकतात किंवा मुलींच्या संघात. ओंटारिओत मुलींसाठी १९७५ पासून वेगळी संघटना आहे. यू-१८ नंतर कॅनडातली किंवा अमेरिकेतली विद्यापीठं, आणि त्याच्यापुढे १ जानेवारी २०२४ ला सुरू झालेली महिलांची व्यावसायिक लीग. ती सहा संघांनी सुरू झाली, नंतर व्हँकुव्हर आणि सिएटल आले. तिथवर पोचणाऱ्या मुठभर. दादा, ‘मग बाकीच्यांचं काय?’ हे तू विचारणारच, म्हणून दोघींबद्दल सांगते.

जेसिका कॅम्पबेल सस्कॅचेवानची. कॉर्नेल विद्यापीठात खेळली, कॅनडाच्या संघातही होती. खेळणं थांबल्यावर तिने फक्त स्केटिंग शिकवायला घेतलं: वळणं, ब्लेडच्या कडांचा वापर, वेग. तिच्याकडे पुरुष व्यावसायिक खेळाडू शिकायला येऊ लागले. २०२२ मध्ये ती सिएटल क्रॅकनच्या दुय्यम संघात सहायक कोच झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एनएचएल या पुरुषांच्या सर्वात वरच्या लीगमध्ये बेंचमागे उभी राहणारी पहिली पूर्णवेळ महिला सहायक कोच. दुसरी कार्ला मॅक्लाउड. २००६ आणि २०१० ची ऑलिंपिक सुवर्णं जिंकणाऱ्या कॅनडाच्या संघात ती होती. नंतर कॅल्गरीच्या विद्यापीठ संघाची कोच, मग चेक महिलांची. त्यांना तिने २०२२ आणि २०२३ मध्ये लागोपाठ जागतिक स्पर्धेचं ब्राँझ मिळवून दिलं. मला पहिलीचं उदाहरण चिऊच्या जास्त कामाचं वाटतं. नुसत्या स्केटिंगच्या जोरावर ती एवढी पुढे गेली, आणि चिऊचं स्केटिंगच पक्कं आहे.

आता चिऊसाठी. इनलाइनवरून बर्फावर जाणाऱ्यांना क्रॉसओव्हर (वळताना पायावरून पाय टाकणं), तोल, स्टिकची सवय आयती मिळते. अडतं ते थांबण्यात. चाकांवर पाय मागे ओढून थांबायची सवय असते, बर्फावर तसं केलं तर वजन मागच्या पायावर जातं आणि माणूस फिरून पडतो. क्रम असा ठेव: आधी कठड्याला दोन्ही हात धरून एका पायाने बर्फ बाहेर खरवडायचा. पांढरा भुगा निघाला की कड बरोबर बसली, नुसती रेघ उमटली तर पाय जास्त कललाय. मग हळू वेगात दोन्ही टाचा बाहेर ढकलून थांबायचं. मग कंबर झटकन आडवी फिरवून दोन्ही पायांवर. फिरवताना क्षणभर अंग हलकं करायचं आणि लगेच गुडघ्यात बसायचं. ताठ गुडघ्यांनी कड घसरते. उजवीकडे जमतं आणि डावीकडे जमत नाही, हे सगळ्यांचं होतं, म्हणून डावीकडचा सराव दुप्पट. नियमही वेगळे आहेत. इनलाइनमध्ये गोली (गोलरक्षक) सोडून चार जणी, इथे पाच, शिवाय निळ्या रेषेचा ऑफसाइड, म्हणजे समोरच्यांच्या भागात पकच्या आधी शिरायचं नाही. पकच्या आधी तिथे पोचायची इनलाइनवाल्यांची खोड सहजी जात नाही.

ब्लेडबद्दल नीट वाच. ब्लेडचा तळ सपाट नसतो, त्यात लांबीभर खोलगट पन्हळ असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक कड. पन्हळीची त्रिज्या इंचात मोजतात. अर्धा इंच नेहमीची. हलक्या मुलींना तीन-अष्टमांश, म्हणजे जास्त खोल आणि जास्त पकड. पण पकड वाढली की घसरत थांबणं अवघड होतं, त्यामुळे सुरुवातीला अर्धा इंचच. धार लावून आल्यावर स्केट उलटा धरून ब्लेडवर एक नाणं आडवं ठेव. नाणं एका बाजूला कललं तर एक कड उंच आहे. परत दे, घालू नकोस. आणि वहिनी, दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे हे कधीही देऊ नकोस! तो विळीसारखी धार काढेल, पन्हळ जाईल आणि ब्लेड फुकट. खेळून झालं की लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं, नाहीतर गंज चढतो. फरशीवर चालताना ब्लेडला कव्हर हवंच.

मुलींच्या हॉकीत अंगाने धडक मारून पाडायला परवानगी नाही. पण अंग लागतं. प्रतिस्पर्ध्याला कोनात घेऊन कठड्याकडे वळवायचं, ही कला आहे. तोंडावर पूर्ण जाळी आणि गळ्याला पट्टा सक्तीचा. गळ्याच्या पट्ट्यावर घासाघीस नको, ब्लेडने गळा कापून माणसं दगावली आहेत. हे सगळं अंगावर चढवायचा क्रमही सांगते: आधी पायाचे पॅड, पँट, मग स्केटच्या नाड्या, खांद्याचे पॅड त्यानंतर. उलट केलं तर वाकताच येत नाही.

कोचिंगच्या पायऱ्या: हॉकी कॅनडा या इथल्या राष्ट्रीय संघटनेचा ऑनलाइन कोर्स, मग प्रत्यक्ष वर्ग, कोच १ लहानांसाठी, कोच २ पुढच्या गटांसाठी, त्यावर डेव्हलपमेंट १ आणि हाय परफॉर्मन्स १. शिवाय पोलिसांची पडताळणी, आणि मुलांशी वागण्याबद्दलचा ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ हा कोर्स. ड्रेसिंग रूममध्ये किंवा दाराशी दोन पडताळणी झालेली मोठी माणसं लागतात, एकट्याने चालत नाही. डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी खेळाडूला त्याच क्षणी बाहेर काढायचं, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत सामन्यात घ्यायचं नाही. ओंटारिओत यासाठी २०१८ चा कायदा आहे, रग्बी खेळताना गेलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या नावाने. लहान गटांचं कोचिंग बहुतेक बिनपगारी असतं, हेही लपवत नाही. पैसे मिळतात ते स्केटिंगच्या शिकवण्या, विद्यापीठं आणि व्यावसायिक संघ यांत.

खरी कसोटी सरावाच्या आखणीत. एक तास बर्फ घेतला तर खेळायला ५० मिनिटं मिळतात, उरलेल्या दहात झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र फिरतं. चांगल्या खेळाडू कोच झाल्या की हमखास एकच चूक करतात, बोलतात फार. फळ्यावर बाण काढत उभ्या राहतात आणि पंधरा पोरी गारठतात. बर्फाचे तीन भाग करायचे, प्रत्येकात पाच जणी, आठ-आठ मिनिटांनी जागा बदलायची. सूचना वीस-तीस सेकंदांत, तीही एका गुडघ्यावर बसून, आणि मुलींची पाठ बाकीच्या मैदानाकडे, म्हणजे लक्ष उडत नाही. दुसरी चूक गोलीला विसरण्याची. एकामागून एक फटके सोडले तर ती आधीच्या फटक्यातून उठेपर्यंत पुढचा येतो आणि तिला चुकीच्या सवयी लागतात. दोन फटक्यांमध्ये तिला पुन्हा उभं राहता येईल इतका वेळ ठेवायचा. हे सगळं चिऊ पुण्यात चाकांवर आजपासून करू शकते. धाकट्या बॅचला आठवड्यातून एकदा शिकव म्हणावं, आणि प्रत्येक सरावाची आखणी वहीत लिहून शेवटी काय फसलं तेही लिही.

बर्फ पुण्यात नाही, हे खरं. डेहराडूनचा रिंक २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला. जायच्या आधी चालू आहे का, विचारा. लेहला जानेवारीत नैसर्गिक बर्फावर खेळतात, पण ते साडेअकरा हजार फुटांवर आहे, पहिले दोन दिवस स्केटला हात लावायचा नाही, नुसता आराम. भारताच्या मुलींचा संघ बहुतांशी लडाखचाच. २०१६ मध्ये तैपेईत पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा, पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपिन्सवर पहिला विजय, २०२५ मध्ये यूएईतल्या अल ऐनला आशिया कपचं ब्राँझ. २०१८ मध्ये कॅनडाची नामवंत खेळाडू हेली विकेनहायझर स्वतः लेहला शिकवायला गेली होती. म्हणजे दार उघडं आहे, पण त्या मुली जन्मापासून थंडीत वाढलेल्या. चिऊने त्यांच्याशी बरोबरी करायची ती वेगात नको, समजुतीत करावी.

दादा, एक काम कर. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, चिऊला कागदावर उभं करून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढ आणि लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये कळव. बुटाचा नंबर नको. स्केट बुटापेक्षा एक-दीड नंबरने लहान लागतो आणि कंपनीगणिक बदलतो. माप आलं की मी इथून धार लावूनच पाठवते, दिवाळीनंतर शेजारचे पाटील पुण्याला येणार आहेत त्यांच्याबरोबर. स्टिक त्यांच्या बॅगेत मावणार नाही, ती तिथेच घ्या. स्केट घालून उभी राहिल्यावर हनुवटीपर्यंत आली पाहिजे.

आईला नमस्कार सांगा.

तुमची,
छोटी