डोलोमाइटचे सुळके लाव्हाचे नव्हेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांवरचा लेख वाचला, फोटो झकास आहेत, पण 'लाव्हा थंड होऊन हे सुळके बनले' हे वाक्य कुठून आलं कोण जाणे. बहुतेक सह्याद्रीवरून अंदाज ठोकलाय. आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या वरच्या अंगाचा काळा कातळ लाव्हाचा, मान्य. तिकडचे पांढरे सुळके मात्र समुद्रातले. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या प्राचीन समुद्राच्या उथळ गरम पाण्यात शेवाळं, स्पंज, प्रवाळ यांचे थरावर थर चढत गेले आणि पुढे आफ्रिका नि युरोप एकमेकांवर रेटले गेले तेव्हा ते सगळं आल्प्ससोबत वर आलं. (फासा खोऱ्याकडे ज्वालामुखीचा काळा दगडही आहे, गोंधळ तिथे झाला असेल तर समजू शकतो.)

बरं, या सुळक्यांचा दगड म्हणजे डोलोमाइट, ही साधी चुनखडीपण नाही. तिसऱ्यांच्या शिंपल्यावर माडाचा विनेगर घालून बघा, बारीक बुडबुडे येतात, कारण शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. डोलोमाइटचा खडा मात्र ढिम्म! पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडलासुद्धा धड दाद देत नाही, खरवडून पूड केली की मग फसफसतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे थर एकाआड एक बसलेले असतात ना. दोलोमिए या फ्रेंच संशोधकाने १७९१ मध्ये या न फसफसणाऱ्या दगडावर लिहिलं, म्हणून दगडाला त्याचं नाव, आणि दगडावरून डोंगरांना.

आणि खरं कोडं पुढेच आहे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम रग्गड, तरी आजच्या समुद्रात डोलोमाइट जवळपास बनतच नाही, लॅबमध्ये साध्या तापमानाला बनवायला गेले तर दोनशे वर्षं हात टेकले. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन आणि जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम चुकीच्या जागी बसतात आणि वाढ अडते, ते चुकीचे कण मधूनमधून विरघळून धुतले गेले तरच स्फटिक पुढे सरकतो, भरती-ओहोटीत नाहीतर पावसात होईल तसं. पूर्वी पाच थरांवर गाडी अडायची, त्यांनी सुमारे ३०० थर वाढवले. ही गोष्ट सोडून लेखात अर्धा कॉलम हॉटेलांच्या रेटवर गेलाय.

अजून एक, तिथलं सगळ्यात उंच शिखर मार्मोलाडा, ३३४३ मीटर, ते मुख्यतः चुनखडीचंच आहे, डोलोमाइटचं नाही. म्हणजे लेखात ते डोलोमाइटचं म्हटलंय, ती ओळपण चुकली.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापाच, शाळेतली पोरं पुरवणीची कात्रणं प्रोजेक्टला चिकटवतात.

आपला,
एक वाचक, फोंडा